डावीकडे खंडोबा, उजवीकडे काळूबाई: देव मालिकेत गेला की नेमकं काय बदलतं?

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालं की खेड शिवापूर, नसरापूर मागे टाकत महामार्ग कापूरहोळला येतो. इथून एक रस्ता डावीकडे नारायणपूर-सासवडवरून जेजुरीला जातो. दुसरा उजवीकडे भोरमार्गे मांढरदेवीच्या डोंगराकडे वळतो. दोन्हीकडे न वळता सरळ पुढे गेलं की काही किलोमीटरवर लागतं किकवी, भोर तालुक्यातलं महामार्गालगतचं गाव.

या पट्ट्यातल्या कित्येक घरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. पौष महिना लागला की काळूबाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांगही याच भागातून सरकते. म्हणजे किकवीपासून दीड-दोन तासांच्या आत महाराष्ट्रातली दोन मोठी लोकदैवतं आहेत. आणि योगायोग असा की गेल्या दहा-बारा वर्षांत या दोघांवरही टीव्ही मालिका येऊन गेल्या. खंडोबावर २०१४ मध्ये झी मराठीची 'जय मल्हार', तर काळूबाईवर २०२० मध्ये सोनी मराठीची 'आई माझी काळूबाई'.

(नसरापूरचं बनेश्वर याच रस्त्यावर, पेशवेकालीन, देखणं. पण त्याच्यावर मालिका कुणी काढली नाही. त्याचंही कारण पुढे येईल.)

देवाधर्माच्या मालिकांवर चर्चा निघाली की ती दोनच टोकांना जाते. एक म्हणजे 'किती छान, घरातली मुलं बसून बघतात'. दुसरं म्हणजे 'अंधश्रद्धा पसरवतात, बंद करा'. खरा प्रश्न या दोन्हींच्या मधला आहे. एखाद्या देवाच्या दहा गोष्टी असतात. त्यातली कोणती पडद्यावर येणार आणि कोणती गळणार, हे कोण ठरवतं?

आधी देव कुणाच्या तोंडून कळायचा?

टीव्हीच्या आधी खंडोबाची गोष्ट सांगायचा हक्क वाघ्या-मुरळीचा होता. घरात लग्न झालं की जागरण-गोंधळ घालायचा, हा इथला रिवाज आजही पुष्कळ घरांत पाळला जातो. रात्री सुरू झालेलं जागरण पहाटेपर्यंत चालतं. वाघ्या गातो, मध्येच विनोद करतो, यजमानाच्या सोयऱ्यांची फिरकी घेतो आणि त्यातच म्हाळसा-बाणाईचं भांडण रंगवून सांगतो. पण दुसऱ्या गावचा वाघ्या तीच गोष्ट थोडी वेगळी सांगतो. एकाकडे बाणाई जास्त ठसक्यात, दुसऱ्याकडे म्हाळसा. ऐकणाऱ्यांना त्यात काही खटकत नाही, कारण गोष्टीची एकच बरोबर आवृत्ती असते असं कुणी मानलेलंच नसतं.

लोकपरंपरेत खंडोबाच्या पाच बायका आहेत. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची आणि चंदाई. चंदाईला कुठे तेलीण म्हणतात, तर कुठे ती चक्क मुसलमान घरातली मानली जाते. पाच समाजांनी देवाला जावई करून घेतलं, असं या गोष्टीचं साधं रूप. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं धनगर आणि खंडोबाच्या परंपरेसाठी दिली, ती या गुंतागुंतीच्या ओढीनेच.

'जय मल्हार' १८ मे २०१४ रोजी सुरू झाली आणि २०१७ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळपास तीन वर्षं चालली. निर्मिती महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनची. खंडोबा देवदत्त नागे, म्हाळसा सुरभी हांडे, बानू ईशा केसकर. या तीन वर्षांत मालिकेचा कणा राहिला तो म्हाळसा आणि बानू या दोघींचा.

इथे मालिकेवर लगेच तुटून पडण्याचं कारण नाही. दोघींचं भांडण मालिकेने शोधून काढलेलं नाही, ते जागरणातलंच लाडकं प्रकरण आहे. शिवाय मराठी टीव्हीवर धनगराची मुलगी प्राइम टाइमला देवी म्हणून, मान ताठ ठेवून उभी राहते, हे त्याआधी फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. दिवाणखान्यातल्या उच्च मध्यमवर्गीय सुनांच्या गर्दीत हा बदल छोटा नव्हता.

पण मालिकेला घरातलं नाट्य लागतं, आणि दोन सवतींच्या गोष्टीत ते भरपूर आहे. मुसलमान घरातल्या पाचव्या बायकोची गोष्ट वाघ्या चार कडव्यांत गाऊन पुढे जाऊ शकतो. वाहिनीला मात्र त्यावर कोण काय म्हणेल याचा विचार करावा लागतो. त्यामुळे टीव्हीवर मोठा झालेला खंडोबा हा प्रामुख्याने दोघींचा नवरा आहे. पाच समाजांचा जावई असलेला खंडोबा जागरणात आणि पुस्तकात राहिला.

वाहिन्यांना देव का लागतात?

हिशेब सोपा आहे. नव्या मालिकेला पहिले काही आठवडे प्रेक्षक गोळा करावा लागतो, पात्रांची ओळख करून द्यावी लागते. खंडोबाची ओळख करून द्यावी लागत नाही, त्याचा देव्हाऱ्यातला टाक आधीच घरात असतो. घरातले आजोबा, सून आणि नातवंडं एकाच वेळी टीव्हीसमोर बसतील अशा फार थोड्या गोष्टी उरल्या आहेत, त्यातली ही एक. आणि लोकदैवताच्या कथेला शेवट नसल्यामुळे मालिका हवी तितकी लांबवता येते. बनेश्वराकडे सुंदर देऊळ आहे, झाडी आहे, सहलीला येणारी गर्दी आहे. पण राक्षस, सवती आणि नवस यांची लांबलचक कथा त्याच्याभोवती जमलेली नाही. मालिका देवळावर निघत नाहीत, कथेवर निघतात.

पडद्याने देवाला मोठं केल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण १९७५ चं. 'जय संतोषी माँ' हा कमी खर्चातला चित्रपट आला आणि तोवर मर्यादित भागात ठाऊक असलेल्या देवीचं शुक्रवारचं व्रत देशभर पोहोचलं. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा लोक टीव्हीच्या संचाला हार घालत असल्याची वर्णनं वाचायला मिळतात. त्या एका मालिकेने रामकथेच्या शेकडो रूपांतलं एक रूप सगळ्या देशाच्या डोक्यात पक्कं केलं, अशी टीका तेव्हापासून अभ्यासक करत आले आहेत.

मराठीत 'जय मल्हार'नंतर वाट मोकळीच झाली. 'विठू माऊली', 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं', 'दख्खनचा राजा जोतिबा', 'जय जय स्वामी समर्थ', 'गाथा नवनाथांची', अलीकडची 'आई तुळजाभवानी'. यादी अजून लांबवता येईल.

देऊळ बंद, मालिका सुरू

काळूबाईची मालिका मात्र या यादीत वेगळी पडते, ती तिच्या वेळेमुळे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. ती उघडली थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मधल्या काळात आषाढीच्या पालख्यासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या. मंदिरं उघडावीत की नाही यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांमध्ये पत्रांतून चकमक झाली, ती याच ऑक्टोबरातली. आणि 'आई माझी काळूबाई' सुरू झाली सप्टेंबर २०२० मध्ये.

म्हणजे मांढरदेवीच्या देवळाला कुलूप असताना काळूबाईचं रोजचं दर्शन टीव्हीवर होत होतं. डोंगरावर जाणं शक्य नसलेल्या भाविकासाठी ही नुसती करमणूक राहिली नसणार, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्याच मालिकेच्या सातारा जिल्ह्यातल्या चित्रीकरणात कोरोनाचा शिरकाव झाला. चमूतले अनेक जण बाधित झाले आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात निधन झालं. मालिका सुरू होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर बंदी घालणारा सरकारी नियम मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच, ऑगस्टमध्ये रद्द केला होता. ज्येष्ठ कलाकारांना पोट होतंच, त्यामुळे त्या निकालाचं स्वागतही झालं होतं. घरबसल्या दर्शनाची किंमत कुणीतरी घराबाहेर पडून मोजत होतं, एवढं त्या पंधरवड्यात दिसलं.

डोंगरावरचं काय पडद्यावर आलं नाही?

मालिकेची निर्मिती अलका कुबल यांची, आणि पडद्यावरही त्या होत्या. कथा आजच्या काळातली. एक भक्त मुलगी, तिच्यावर येणारी संकटं आणि पाठीशी उभी असलेली देवी. काळूबाईची मूळ कथा लाख्यासुर नावाच्या दैत्याच्या वधाची. पौष पौर्णिमेच्या रात्री देवीने त्याला मारलं अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून यात्रा पौषात भरते.

पण मांढरदेवीचं नाव राज्याबाहेर कळलं ते एका वेगळ्याच पौष पौर्णिमेने. २५ जानेवारी २००५. यात्रेला लाखोंची गर्दी, देवळाकडे जाणारी अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंना दुकानं. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून लोक घसरले, मागून रेटा आला आणि चेंगराचेंगरी झाली. नंतर दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. मृतांचा आकडा तीनशेच्या आसपास गेला. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. त्यानंतर गडावरची वाट, गर्दीची व्यवस्था, पशुबळी या सगळ्यांवर निर्बंध आले.

आजही यात्रेच्या आधी प्रशासन मनाई आदेश काढतं. पशुहत्या नको, वाद्यं नकोत, झाडांना खिळे ठोकून लिंबू-बाहुल्या लावणं नको. म्हणजे हे सगळं तिथे होत आलेलं आहे. कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून झाडाला काळी बाहुली ठोकणारा माणूस आणि लेकराचा आजार बरा व्हावा म्हणून ओटी भरणारी आई, दोघंही एकाच डोंगरावर येतात. बाहेरून येऊन नुसती नाक मुरडणाऱ्याला त्यातली दुसरी दिसत नाही, आणि मालिकेला पहिला परवडत नाही. मालिकेत करणी आली तरी ती खलनायकाच्या हातात असते आणि देवीच तिचा बंदोबस्त करते. करणी मुळात असते का, हा प्रश्न पटकथेत बसत नाही. तो विचारला तर देवीला करायला काम उरत नाही.

या कार्यक्रमांची खरी मर्यादा इथे आहे. त्यात श्रद्धा दाखवतात, श्रद्धेबद्दल विचारत काहीच नाहीत.

कायदा काय म्हणतो?

दोन कायदे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला केंद्राचा, केबल टीव्ही नेटवर्क्स कायदा, १९९५. त्याच्या नियमावलीत कार्यक्रम संहिता आहे. धर्मांवर हल्ला करणारा किंवा एखाद्या धार्मिक गटाची निंदा करणारा कार्यक्रम दाखवता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच यादीत आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा कमी होते. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रमही दाखवता येत नाही. जाहिरातींच्या संहितेत वस्तूला चमत्कारिक किंवा दैवी गुण असल्याचं सुचवायला मनाई आहे.

दुसरा राज्याचा, ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. मूळचे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी अनेक वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, लगेच अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. नुसतं कृत्य करणाऱ्यालाच नव्हे, तर त्याचा प्रचार-प्रसार करणाऱ्यालाही. त्याच वेळी वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना कायद्याने स्पष्टपणे बाजूला ठेवलं आहे. 'या कायद्याने वारी बंद होईल' ही तेव्हाची ओरड निराधार होती.

टीव्हीला या कायद्याचा चटका बसला जानेवारी २०२१ मध्ये. हनुमान चालीसा यंत्रासारख्या वस्तूंच्या जाहिराती तेव्हा वाहिन्यांवर लागत. घरात यंत्र ठेवा, कर्ज फिटेल, पोराला नोकरी लागेल. एका शिक्षकाने याविरुद्ध याचिका केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ जानेवारीला निकाल दिला की देवाच्या नावाने चमत्काराचा दावा करून वस्तू विकणं या कायद्याखाली बेकायदा आहेच, आणि ती जाहिरात दाखवणारी वाहिनीही जबाबदार आहे. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवायला यंत्रणा उभी करण्याचे आदेशही सरकारला दिले.

मग मालिकांचं काय? तिथे सुरुवातीला एक पाटी येते. कथा आख्यायिकांवर आधारित आहे, काल्पनिक प्रसंग घेतले आहेत, अंधश्रद्धेला प्रोत्साहन देण्याचा हेतू नाही. दोन-तीन सेकंदांत ती पाटी जाते. कायदेशीर काम झालं. देवाने हात ठेवला आणि ताप उतरला, असा प्रसंग पाटीनंतर आला तर तो कथेचा भाग ठरतो, तोच दावा यंत्र विकताना केला तर गुन्हा. हा फरक कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे. देवाच्या कथेतून चमत्कार काढायला लावणं म्हणजे कथाच बंद करणं. पण कथा आणि दावा यांच्यातली रेघ बघणाऱ्याच्या घरात तितकी ठळक नसते, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

एखाद्या कार्यक्रमावर आक्षेप असेल तर २०२१ पासून तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीकडे लेखी तक्रार, तिने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे. त्याही वर केंद्र सरकारची समिती.

'आमच्या देवाची गोष्ट तुम्ही बदलू नका'

मालिकांना खरा अडथळा मात्र कायद्याचा होत नाही, गावाचा होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये स्टार प्रवाहवर 'दख्खनचा राजा जोतिबा' सुरू झाली. काही आठवड्यांतच कोल्हापूरजवळच्या जोतिबा डोंगरावरच्या ग्रामस्थांनी आणि पुजाऱ्यांनी आक्षेप घेतला. 'केदार विजय' ग्रंथात आहे ते सोडून मालिका भलतंच दाखवते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. मालिकेतलं रूप एकदा रुजलं की डोंगरावर येणारा भाविक पुजाऱ्यालाच दुरुस्त करू लागणार. पण यातली गंमत अशी की वादाच्या दोन्ही बाजूंना एकच अधिकृत गोष्ट हवी होती. एकीला पटकथेतली, दुसरीला ग्रंथातली. डवरी, गुरव, सासनकाठी नाचवणारे गावकरी यांच्या तोंडातल्या गोष्टी दोघांच्याही हिशेबात नव्हत्या.

मग विचारणारा कार्यक्रम कुठे आहे?

ब्रिटनमध्ये बीबीसीवर 'साँग्ज ऑफ प्रेझ' हा चर्चमधल्या भक्तिगीतांचा कार्यक्रम १९६१ पासून चालू आहे. त्याच वाहिनीवर धर्माचा इतिहास, त्यातले वाद, श्रद्धा सोडलेल्या माणसांचं म्हणणं यावरही माहितीपट होतात. तिथल्या ऑफकॉम या नियामकाच्या संहितेत धार्मिक कार्यक्रमांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रेक्षकांच्या भाबडेपणाचा गैरफायदा घेऊ नका, हे त्याचं सार.

आपल्याकडे एपिक वाहिनीवर देवदत्त पट्टनायक यांचा 'देवलोक' हा हिंदी कार्यक्रम २०१५ मध्ये आला. देवांच्या गोष्टींची वेगवेगळी रूपं गप्पांतून उलगडणारा. मराठीत मात्र अजून पसंती कीर्तनाला आणि मालिकेलाच आहे. सोनी मराठीने २०२५ मध्ये तर कीर्तनकारांची स्पर्धाच घेतली. खरं तर कीर्तनाच्या परंपरेत प्रश्न विचारणं नवं नाही. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे समोरच्या गर्दीची उलटतपासणीच असायची. स्पर्धेत गुण मिळवायचे असताना कीर्तनकार तसं किती करेल, हा भाग वेगळा.

आणि प्रेक्षकाचा हातही यात आहे. २०२० मध्येच सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' होती, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या आयुष्यावरची. धर्माच्या नावाने काय चालतं हे विचारणाऱ्या माणसांचीच ती गोष्ट. पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून ती वर्षभरात, त्याच डिसेंबरात संपली. त्याच वाहिनीवर काळूबाई पुढे चालू राहिली.

किकवीहून मागे कापूरहोळला येऊन जेजुरीच्या रस्त्याला लागलं, तर गडावर एक गोष्ट अजून जशीच्या तशी आहे. मुख्य देवळात खंडोबाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचं देऊळ गडाच्या पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर लागतं. टीव्हीवर ती तीन वर्षं म्हाळसेच्या बरोबरीने घरात वावरली. गडावर तिच्या घरी थांबायचं तर पायऱ्या चढतानाच थांबावं लागतं.